सशाच्या जागी

"थांब वं, आधी हाताले विचारू दे," असं म्हणत ती डाव्या हाताची बाही वर सारायची. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या कातडीवर बॉलपेनने काढलेले गोल असायचे आणि प्रत्येक गोलात एक अक्षर. 'फे' म्हणजे फेसवॉश, 'ब्ली' म्हणजे ब्लीच, 'क्री' म्हणजे क्रीम. पार्लरात नवीन काहीही आलं की ते पहिले या गोलात जाऊन बसायचं. दोन दिवस तिथे काढले की मगच आमच्या तोंडाला लागायचं. एखादा गोल जसाच्या तसा असायचा, एखादा लाल होऊन सुजलेला. मला तो हात बघवत नसे. मी जात्याच भित्री, घरातली पालसुद्धा शेजारणीकडून हाकलून घेते.

तुमच्याही गल्लीत असं एक पार्लर असेल. घराचीच पुढची खोली, दाराला पडदा, एक खुर्ची, एक आरसा. आमच्या नंदनवन वस्तीतलं हे पार्लर ती एकटी चालवायची. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं, माहेर उमरेडला आणि तिथे एक भाऊ. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. महिन्यातून एकदा, पगाराच्या शनिवारी, भुवया करायला तिच्याकडे जायची. पहिल्याच दिवशी तिने मला "बस वं, मान वर कर" म्हटलं. मी मनात म्हटलं, काय बाई आहे, ओळख ना देख. पण चार-दोन महिन्यांत मीही तिला 'तू' म्हणू लागले. तिच्यापुढे मान वर करून बसल्यावर मोठेपणा टिकत नाही.

तिला एकाच डोळ्याने दिसायचं. सात वर्षांची असताना दिवाळीत अनाराचा फटाका तोंडावर उडाला आणि डावा डोळा गेला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा आतूनच गेला, याला काही करता येणार नाही. उरला उजवा. त्या एका डोळ्यावर तिने ब्यूटिशियनचा कोर्स केला, पार्लर टाकलं, पंधरा-सोळा वर्षं गल्लीभरच्या बायकांच्या भुवया कोरल्या. दोऱ्याचं एक टोक दातात धरून ती इतकी जवळ यायची की तिच्या श्वासाला येणारा बडीशेपेचा वास मला यायचा. मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. "मेली का वं?" ती विचारायची. "अजून नाही," मी म्हणायची.

आता जे सांगायचं आहे त्याची सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून ते मीच सांगितलेलं बरं.

माझी लेक पुण्यात नोकरी करते. दिवाळीला घरी आली आणि माझ्या कपाटातली क्रीम, पावडर, काजळ सगळं उचलून तिने कचऱ्यात टाकलं. "आई, हे सगळं प्राण्यांवर करून बघतात. यापुढे क्रुएल्टी-फ्रीच वापरायचं," म्हणाली, आणि मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. ओळीने लाकडी खोके, प्रत्येकातून एका सशाची मान बाहेर. हातमोजे घातलेलं कुणीतरी येतं, पापणी ओढतं, डोळ्यात थेंब टाकतं आणि पुढच्या सशाकडे जातं. मला रात्री झोप लागली नाही. आणि माझी अक्कल बघा, ज्याने माझी झोप उडाली तोच व्हिडिओ मी पुढच्या शनिवारी पार्लरात तिला दाखवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून. आपली पोरगी किती शिकली आहे हेही जरा कळावं म्हणून.

तिने दोरा बाजूला ठेवला, मोबाईल उजव्या डोळ्याजवळ नेला आणि व्हिडिओ दोनदा पाहिला.

"त्याले डोळा चोळता बी येत नाही वं," ती म्हणाली. "पाय आत अडकवून ठेवले ना."

त्या दिवशी तिने माझी एकच भुवई केली. दुसरी "उद्या करतो" म्हणाली, आणि मी तशीच उठले. अर्ध्या भुवयांनी घरी गेले.

पंधरा दिवसांत तिचं शेल्फ रिकामं झालं. मग एकेक नवीन डबा येऊ लागला, प्रत्येकावर उड्या मारणारा ससा छापलेला. गल्लीतल्या बायका कुरकुरल्या. कुणाला वास आवडेना, कुणाला फेस येईना. ती ऐकून घ्यायची. एक दिवस मी खुर्चीत बसलेली असताना तिने एक डबा हातात फिरवला आणि विचारलं, "सशावर नाही केलं असं लिहिलं हाय. मंग कोणावर केलं?"

"मला काय माहीत," मी म्हणाले.

"कोणावरच नाही केलं वं. तसंच पॅक करून पाठवून राहिले." तिने डबा खाली ठेवला. "सशाले सोडवलं थे चांगलंच केलं. पण त्याच्या जागी कोणीतरी पाहिजे का नाही? या पोट्ट्या माझ्या भरवशावर तोंड पुढं करतात."

आणि तिने बाही वर सारली. ते गोल त्या दिवसापासून सुरू झाले.

मी हसले. खरं सांगते, मला गंमत वाटली. सोमवारी ऑफिसात डबा खाताना मी सगळ्यांना सांगितलं की आमची पार्लरवाली ससा झाली आहे, आणि सगळे पोट धरून हसले.

हसू जिरलं ते महिन्याभराने. मी पडदा सारून आत गेले तेव्हा ती आरशासमोर उभी होती. हातात काजळाची नवीन डबी, करंगळीच्या टोकावर काजळ, आणि ती उजवी पापणी खाली ओढत होती. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"काय करून राहिली तू?"

"काजळ हाय ना. हाताले डोळ्याचं काय समजते?"

"मग त्या डोळ्यात घाल. त्या, दुसऱ्या."

"त्याले काय विचारायचं?" ती अगदी सरळपणे म्हणाली. "त्याले जळत नाही, चुरचुरत नाही. तो मुका हाय. सांगेल तर हाच सांगेल."

माझ्या हातातून मनगट सोडवून तिने काजळ घातलं. मी खुर्चीच्या कडेला टेकले. काही झालं नाही. डोळ्यातून थोडं पाणी आलं, तिने रुमालाने टिपलं आणि "चांगलं हाय" म्हणून डबी शेल्फवर ठेवली. पण मला घरी जेवण गेलं नाही. जगात तिला एवढा एकच डोळा. त्यावर तिचं पोट, खोलीचं भाडं, रस्ता ओलांडणं, सगळं. आणि ती त्यात बोट घालून बघत होती की जळतं का.

मी लेकीला फोन केला. ती ओरडलीच. "आई, असं नसतं गं. काचेच्या बशीत वाढवलेल्या कातडीवर तपासतात, मग तयार असलेल्या माणसांवर, डॉक्टर समोर ठेवून. आणि ससा काय, कुणीही छापतं. तो खरा आहे का तेही बघावं लागतं. तू उद्याच्या उद्या जाऊन तिला सांग."

उद्या रविवार होता, पाहुणे होते. सोमवारी ऑफिसात ऑडिट लागलं. मंगळवारी मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी गेले आणि परत फिरले. का, तर मला भीती वाटली. गेले आणि ती पुन्हा आरशासमोर पापणी ओढून उभी असली तर? मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. भित्र्या माणसाला लोक निरुपद्रवी समजतात. तसं काही नसतं. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं, आणि त्या शनिवारीही गेले नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी, मी ऑफिसला निघालेली असताना तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. "जरा येऊन जा वं. मले एका जागी जायचं हाय, संगतीले कोणी पाहिजे."

पार्लरात शेजारच्या गल्लीतली नवरी आईला घेऊन बसली होती, दुपारचं लग्न. मेकअप जवळजवळ झाला होता. ती नवरीच्या पुढ्यात वाकलेली आणि तिचा उजवा डोळा सुजून मिटलेला, फटीतून पाणी गळतंय. नवरीच्या गालावर थेंब पडू नये म्हणून तिने डोळ्याखालून रुमाल आडवा बांधला होता आणि ब्रश फिरवायच्या आधी दर वेळी बोटाने चाचपून जागा बघत होती. नवरी भेदरून माझ्याकडे पाहत होती. नवरीच्या आईने विचारलं, "काजळ?"

"काजळ नाही घालायचं," ती म्हणाली. "आज कोणतंच नाही."

त्या दोघी गेल्यावर मी तिचा रुमाल सोडला. डोळ्यातला पांढरा भाग लाल झाला होता आणि बुबुळावर दुधाचा थेंब सांडावा तसा डाग होता. शेल्फवर एक छोटी डबी होती, नवरीसाठी इतवारीच्या बाजारातून आणलेली. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, झाकणावर फक्त सशाचं स्टिकर चिकटवलेलं.

"कधीपासून आहे हे?"

"मंगळवारपासून. गुलाबपाणी घालून राहिलो ना."

"काल का नाही बोलावलंस?"

"नवरी होती वं. तिले जबान दिली होती."

ऑटोत तिने माझी बाही मुठीत धरली होती. बाई दोन डोळ्यांनी पाहणाऱ्यांपेक्षा धीट, पण त्या दिवशी तिची मूठ ओली झाली होती. हॉस्पिटलच्या पायऱ्यांशी ती थांबली. "किती हायेत?" तिने विचारलं. मी म्हटलं, पाच. ती मोजत चढली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिला पायऱ्या दिसत नाहीयेत.

डॉक्टर तरुण होत्या. बुबुळाला जखम होऊन त्यात जंतू गेले आहेत म्हणाल्या. दोन दिवस घरी बसल्याबद्दल रागावल्या. मग त्यांनी विचारलं, "असलं काही डोळ्यात घालून बघायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तिच्या शेजारीच उभी होते. मी भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचू लागले.

"कोणी नाही जी," ती म्हणाली. "माझंच डोकं."

पुढे दर तासाला थेंब, दिवस नाही रात्र नाही. मी रजा टाकली आणि तिच्या घरी राहिले. ती पडल्या पडल्या विचारायची, "उजेड झाला का वं?" पहिले दोन दिवस मी खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता तिने तेच विचारलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. जखम भरली, डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरं राहिलं. त्यातून उजेड-अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. कोणाचा मृत्यू झाला आणि घरच्यांनी नेत्रदान केलं, तर बुबुळ बदलता येईल. नाव लिहून ठेवलं आहे. नंबर कधी येईल ते कोणी सांगत नाही. भाऊ येऊन तिला उमरेडला घेऊन गेला. पार्लरच्या खोलीत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

उमरेडला जायला मला चार महिने लागले. दर रविवारी एसटी स्टँडवर जायचं ठरवायचे आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. शेवटी लेक म्हणाली, आई, तू जातेस की मी पुण्याहून येऊ? मग गेले.

ती भावाच्या ओसरीवर बसली होती. माझी चाहूल लागली तशी मान वळवली, पण माझ्याकडे नाही, माझ्या थोडं डावीकडे. मी आवाज दिला तेव्हा हसली. चहा झाला, भावाची बायको आत गेली आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. की मला माहीत होतं. की लेकीने दहा दिवस आधीच सांगितलं होतं, माणसं आणि काचेच्या बशा आहेत, तुला ससा व्हायची गरज नव्हती. की मी गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते.

तिने रिकामी कपबशी चाचपत खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग काहून नाही आली?"

"भीती वाटली."

"सांगितलं असतं तर मले नसती वाटली का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा चेहरा मात्र असा झाला की मी पिशवी उचलली आणि उठू लागले.

"बस खाली," ती म्हणाली. "तोंड इकडं कर."

तिने माझ्या कपाळावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "जंगल झालं. कोणाकडेच नाही गेली?" शेजारी दोऱ्याचं रीळ होतं. तिने दोरा दातात धरला, बोटांवर पेच घातला आणि जवळ आली, पूर्वीपेक्षाही जवळ. दोरा माझ्या पापणीला लागत होता. माझ्या मनात आलं, एक झटका चुकला तर माझाही जाईल. मी तिच्या बुबुळावरचा तो पांढरा डाग बघत राहिले, आणि मग डोळे मिटले. उठले नाही. बोटाने चाचपायची, दोरा ओढायची, पुन्हा चाचपायची. एका भुवईला अर्धा तास लागला असेल. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या नाकावर पडत होता. शेवटच्या टोकाला कातडी दोऱ्यात सापडली, चर्रकन कापली गेली आणि गरम थेंब पापणीवर उतरला.

तिचं बोट तिथे आलं आणि थांबलं. तिने बोट अंगठ्यावर घासून पाहिलं.

"रडून राहिली का वं?" तिने हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि तिचं बोट पदराने पुसून दुसरी भुवई पुढे केली.