पितृपक्षातली बरणी

बायकोचं पित्ताशय काढलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्या हातात दोन वस्तू दिल्या. एका बाटलीत सतरा खडे आणि एका प्लास्टिकच्या बरणीत, औषधी पाण्यात बुडवलेलं, खुद्द पित्ताशय. खडे घरी न्यायचे, बरणी तपासायला नवी पेठेतल्या लॅबमध्ये द्यायची. "पित्ताशयाची भिंत जरा जाड वाटली. उद्याच द्या," असं ते म्हणाले. बायको पलीकडे खाटेवर डोळे मिटून पडली होती.

मी खडे घरी नेले. बरणीही घरीच नेली, कारण त्याच दिवशी पितृपक्ष लागला होता. माढ्याहून मदतीला आलेली माझी थोरली बहीण म्हणाली, "पितर चालू हायत. घट बसल्यावर दे की. तिला आता बरं हाय, घाई कशाला?" सरकारी कचेरीत मी आयुष्यभर लोकांचे अर्ज 'मुदतीत नाही' असा शेरा मारून परत केले. पण बहिणीचं म्हणणं मला लगेच पटलं. खरं सांगायचं तर रिपोर्टच नको होता मला. बरणी मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे ठेवली. खडे मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला चहाबरोबर दाखवले. आपल्या मेव्हण्याचे याहून मोठे होते असं एक शेजारी म्हणाला, त्याचा मला रागही आला.

घटस्थापनेच्या सकाळी बरणी लॅबमध्ये पोचवली. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर. डॉक्टरांनी तारखा बघून विचारलं, "इतके दिवस बरणी कुठं होती?" मी म्हणालो, लॅब बंद होती. नवी पेठेत पंधरा दिवस बंद राहिलेलं दार त्यांनी कधी पाहिलं नसणार, पण त्यांनी रिपोर्ट मिटला आणि दुसऱ्या ऑपरेशनची तारीख काढली.

दुसरं ऑपरेशन मोठं झालं. यकृताचा तुकडा आणि आसपासच्या गाठी काढल्या. तुकडा साफ निघाला, एका गाठीत मात्र कॅन्सर होता. "ऑपरेशन करता आलं हेच नशीब. बहुतेकांना कळेपर्यंत तेवढंही उरत नाही," डॉक्टर म्हणाले. बायकोने किती वर्षं ते विचारलं, त्यांनी आकडा दिला नाही. ती गाठ त्या पंधरा दिवसांतली का, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही. पुढचे सहा महिने तिच्या गोळ्यांची वेळ मी एक मिनिटही चुकू दिली नाही. त्याने काही भरून निघत नाही, हे मला कळत होतं.

याला दोन वर्षं झाली. परवाचा स्कॅन साफ आला. परत येताना रिक्षात मी सगळं सांगून टाकलं. लॅब उघडीच होती, बरणी घरात होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी वाती शोधताना दिसली मला."

"मग बोलली का नाहीस?"

"भिंतीचं मीही ऐकलं होतं की. म्हटलं, पंधरा दिवस तरी नुसत्या खड्यांचीच पेशंट राहू दे मला."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आमची गल्ली आली. रिक्षावाल्याला थांब म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही आणि तीही म्हणाली नाही.