प्रश्न विचारून थांबणारा गेंडा

आम्ही गाव सोडलं त्या सकाळीही आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिठाची गिरणी बंद ठेवली नव्हती. टेम्पोत सामान चढलं, शेवटची गादी दोरीनं बांधून झाली, तरी आत गिरणीची घरघर चालूच होती. मग भुवयांपर्यंत पांढरे झालेले आप्पा बाहेर आले, ज्वारीच्या पिठाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तितलं पीठ कसलं आसंल, काय ठावं." तीन वर्षांच्या सईच्या गालावर त्यांची पांढरी बोटं उमटली होती. ती मी नेरूळ येईपर्यंत पुसली नाहीत.

माझं सासर-माहेर साताऱ्याकडच्या त्या एकाच गावातलं, त्यामुळे सईचा अर्धा दिवस गिरणीतच जायचा. नवऱ्याला शिरवण्याजवळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. वन बीएचके, लिफ्टवाली सोसायटी, खाली बाग, सगळं झकास. फक्त सई गप्प झाली. बागेतली पोरं हिंदीत खेळायची आणि ही माझा पदर धरून नुसती बघत राहायची.

रोज संध्याकाळी आप्पांचा फोन यायचा. "जेवलीस का? काय खाल्लंस? शाळंत गेलतीस का? आगं बोल की!" सगळं एका दमात. सई फोन सोफ्यावर ठेवून निघून जायची. एकदा आप्पा मला म्हणाले, "इसरली पोरगी आमाला." कधी तक्रार न करणारा माणूस तो. मला फार लागलं ते.

आता खरं सांगते, टीव्हीला नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरला नसता. घरात एक परदेशी कंपनीचं लहान मुलांचं चॅनेल लागायचं आणि मी चिडायचे. एके दिवशी भाकरी थापताना बाहेरून सईचा आवाज आला, चांगला खणखणीत. बघते तर टीव्हीवर एक निळा गेंडा सायकलवरून टपाल वाटत होता. पत्ता विसरला की तो हिंदीत विचारायचा, "अब किधर जाऊँ, दोस्त?" आणि थांबायचा. खरंच थांबायचा, डोळे मिचकावत, अगदी गप्प. आणि आमची सई त्याला मराठीत ओरडून सांगत होती, "तिकडं! झाडाच्या मागं!"

हे आप्पांना सांगितलं आणि मी विसरून गेले. आप्पा नाही विसरले. त्यांनी गिरणीत टीव्ही आणवला, ते चॅनेल सुरू करून घेतलं आणि संध्याकाळी सात ते साडेसात दळण बंद! डबे घेऊन आलेल्या बायका आधी कुरकुरल्या, मग पोत्यांवर बसून बघायला लागल्या. गेंड्यानं पत्ता विचारला की सगळी गिरणी एका सुरात उत्तर द्यायची. "त्याला एक वही घिऊन दे म्हणावं, पत्ते लिवून ठिवंल," हे आप्पांचं मत.

मानलं बाबा त्या लोकांना! कुठल्या देशात बसून ते हे चॅनेल चालवतात, त्यांनाच ठाऊक. माझा भाऊ शारजाला आहे, त्याच्या पोरांकडेही तोच गेंडा, फक्त भाषा वेगळी. आमचं गाव त्यांनी नकाशावरही पाहिलं नसेल. पण लहान मुलाला विचारावं आणि मग त्याच्यासाठी थांबावं, एवढं त्यांना कळलं होतं. आम्हा घरच्यांना ते सुचलं नव्हतं.

आप्पांनी ते बरोबर उचललं. पुढच्या फोनवर त्यांनी एकच विचारलं, "सये, आज गेंडा कुटं गेलता गं?" आणि गप्प बसले. मला वाटलं, फोन कट झाला. बऱ्याच वेळानं सई म्हणाली, "डोंगरावर." आप्पा तरीही गप्प. "पण आप्पा, त्याची सायकल पंक्चर झाली..." आणि गाडी जी सुटली, ती अर्धा तास. सोफ्याच्या कडेला बसून मी रडून घेतलं.

सई आता दहा वर्षांची आहे. हिंदी फाडफाड, इंग्रजी त्याहून. गेंड्याला ती 'बेबी प्रोग्रॅम' म्हणते आणि आप्पांशी इथल्या दिवाळे गावच्या खाडीतल्या होड्यांपासून मैत्रिणीच्या भांडणापर्यंत काहीही बोलते. आप्पांच्या फोनची आता ती वाट बघते.

मागच्या आठवड्यात ती क्लासला गेली होती म्हणून फोन मी घेतला. आप्पांनी विचारलं, "पोरी, कशी हायस?" मी नेहमीसारखं म्हणाले, "बरी आहे, आप्पा. सई आली की फोन करायला सांगते." पलीकडून काही नाही. गिरणीही बंद असावी, नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते थांबले होते.

सात वर्षांत हा प्रश्न मला हजार जणांनी विचारला असेल. लिफ्टमध्ये, गेटवर, भाजीवाल्यापाशी, आणि मी प्रत्येकाला 'बरी' म्हणून पुढे गेले. त्या दिवशी गॅस बंद केला, खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, "आप्पा, हितं मला लई एकटं वाटतं."

"सांग," आप्पा म्हणाले. मी कितीतरी वेळ बोलत होते. विचारून कुणी थांबतं तिथं माझं घर, हे मला त्या फरशीवर कळलं.