मी कॉम्प्युटरची भोकं बुजवली

सुरुवातीचे कॉम्प्युटर खोलीभर मोठे असायचे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुंडलिकनगरच्या आमच्या घरात तसला एक आला आणि माझी खाट बाहेर निघाली, तेव्हा कळलं.

नात ऋतुजा आठवीत. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिनं फ्रिजच्या खोक्याचा जुन्या काळचा कॉम्प्युटर केला होता. पहिला नंबर आला तर जिल्ह्याला जायचं, म्हणून पोरगी धड जेवतही नव्हती.

"आजी, तेव्हा याला टीव्ही नव्हता, टाइप करायची बटणं नव्हती. गणित पुठ्ठ्याच्या कार्डावर द्यायचे."

"मग पाटीवर का नाय करायचे?"

"तू गप बस बरं."

ती शाळेत गेल्यावर मी कार्डं पाहिली. सगळ्यांना भोकं! (आमच्याकडं उंदीर लई.) एवढ्या कष्टाचं काम पोरगी कुरतडलेलं नेणार? मी कणकेची खळ केली, जुन्या कॅलेंडरचे तुकडे कापले आणि एकूण एक भोक बुजवलं. वर पाटा ठेवून दाबलंही.

संध्याकाळी तिनं कार्ड आत घातलं. खोक्यावरचा एकही दिवा लागेना. माझा मुलगा कंपनीत फिटर. त्यानं सेल बदलले, वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या आणि बायकोवर खेकसला.

"मी तर हात बी लावला नाय," सून म्हणाली.

"मशीन बिघडलं असंल," मी म्हणाले. "पण कार्डं बघा, कशी नव्यासारखी झालीत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आजी, गणित त्या भोकांतच होतं गं." ऋतुजा रडायलाच लागली. "एका भोकातून तार आत टेकते, तेव्हा एक दिवा लागतो."

भोकात गणित? मला हे अजून पटलेलं नाही. तरी गोधडीचं दाभण घेऊन मी मदतीला बसले. ती दाखवायची, मी टोचायची. ती पाणी प्यायला उठली, तेवढ्यात एका कार्डावरची पाच भोकं मला खटकली. रांगोळीचे ठिपके असे अर्धवट कोण सोडतं? मी आणखी दोन टोचून रांग पुरी केली.

प्रदर्शनात मी कडेच्या बाकावर बसले होते. परीक्षक सर म्हणाले, "दोन अधिक तीन."

ऋतुजानं कार्ड घातलं. सात दिवे लागले.

पोरीचा चेहरा उतरला. तिनं कार्ड काढून नीट पाहिलं आणि म्हणाली, "सर, मशीन बरोबर आहे. त्या काळीही कार्ड टोचणारं माणूस चुकायचं. आमचं ते तिथं बसलंय."

सर पोट धरून हसले. तिचं नाव जिल्ह्याला गेलं. जाताना ते माझ्यापाशी थांबले.

"आजी, शिकलात किती?"

"चौथी," मी म्हणाले. "दहावी झाले असते, तर पोराची अख्खी कंपनी बंद पाडली असती."