घर बंद होतं म्हणे!

माझी आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला होती. तिच्यासोबत आणखी अकराजणी. त्या बाराजणींची भिशी होती आणि भिशीचा एकच नियम होता, लिहायचं नाही. लिहून ठेवलं म्हणजे भरवसा नाही, असा अर्थ व्हायचा. मी शाळेत क्लार्क, कागदाशिवाय माझं पान हलत नाही. मी म्हणायची, "आई, एखादी वही तरी ठेव." ती म्हणायची, "वही तुज्या शाळेत ठेव. आमची जबान हाय की."

मग एका गुंतवणूक कंपनीचा एजंट कारखान्याच्या गेटवर यायला लागला. दीड वर्षात दुप्पट म्हणे, आणि सगळी रक्कम एकाच नावावर टाकली तर व्याज आणखी जास्त. बायकांनी भिशी मोडली, जिनं तिनं घरातली शिल्लकही घातली आणि सगळं आईच्या नावावर टाकलं, कारण सही तिलाच येत होती. पावती एक, नाव एक. सहा महिन्यांत ऑफिसला कुलूप आणि कंपनीवाले फरार.

पुढं आईला काय काय ऐकावं लागलं! "पावती तुज्या नावावर, मंजी पैसेबी तूच खाल्लेस." ज्यांच्या बाळंतपणाला ही रात्ररात्र जागली, त्या बायका असं बोलल्या. आईनं काम सोडलं. दळण आणायलासुद्धा मी जायची.

काम सोडलं त्याच आठवड्यात ती पोलिसांत गेली होती. माझ्यासमोर तिनं तपास करणाऱ्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी पावती पाहिली आणि एकच नाव लिहिलं, आईचं. "बाकीच्या अकराजणींचा कागद आहे का? नाही ना? मग? बघू, घरी येऊन सविस्तर जबाब घेतो." तेव्हापासून आई रोज सकाळी धुतलेलं लुगडं नेसून दारातल्या खुर्चीवर बसायची. साहेब येतील म्हणून. दोन वर्षं बसली. कुणी फिरकलं नाही.

शेवटी पैसे बुडालेली मंडळी एकत्र येऊन हायकोर्टात गेली, त्यांत आम्हीही होतो. कोर्ट म्हणालं, तपासावर आम्ही लक्ष ठेवणार, दर महिन्याला अहवाल द्या. मला वाटलं, चला, आता तरी हलतील. हलले की! कागदावर हलले. वकिलांनी अहवालाची प्रत दिली, ती मी शाळेतच वाचली. "सदर महिलेच्या राहत्या घरी तीन वेळा समक्ष भेट दिली असता घर बंद आढळून आले."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बंद? अहो, जी बाई लाजेनं उंबरा ओलांडत नाही, तिचं घर बंद? आणि हे खोटं कुणाला सांगताय, तर हायकोर्टाला! मधल्या सुट्टीतच रजेचा अर्ज टाकला.

पुढच्या तारखेला आईला एसटीत बसवून कोल्हापूरला हायकोर्टाच्या बेंचसमोर नेलं. सरकारी वकिलांनी तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. आमचे वकील उठले आणि म्हणाले, "ती बाई इथंच मागे बसली आहे." जज्जसाहेबांनी चष्मा काढला आणि सरळ मराठीत विचारलं, "आजी, तुम्ही कुठे असता?"

"घरातच की, साहेब. मी बाहीर पडतच न्हाय, तर घर बंद कसं ऱ्हाईल?"

जज्जसाहेबांनी तपास अधिकाऱ्याकडं पाहिलं. त्यानं फायलीकडं पाहिलं. तुमचं म्हणणं काय, असं जज्जसाहेबांनी आईला विचारल्यावर ती म्हणाली, "मी पैसं मागाय आले न्हाय. माज्या नावाखाली त्या अकराजणींची नावं लिवा. मला चोर मनून मरायचं न्हाय." आठवड्याच्या आत हिचा जबाब घ्या, प्रत्येकीच्या घरी जाऊन खात्री करा आणि तसा अहवाल मला द्या, असा हुकूम झाला.

चौथ्या दिवशी जीप दारात. घर सापडलं एकदाचं! आईनं अकराही नावं आणि प्रत्येकीचा आकडा घडाघडा सांगितला. मग साहेब आम्हाला घेऊन घरोघर निघाले. आईला बाहेर थांबवायचे आणि आत जाऊन विचारायचे. पहिल्या घरी तोच आकडा, दुसऱ्या घरी तोच. दहा घरं झाली, दहाही आकडे जुळले. साहेबांचा आवाज एव्हाना चांगलाच खाली आला होता.

अकरावी बाई मागच्या वर्षी वारली होती. दारात तिची सून. आईला भर गल्लीत सगळ्यात जास्त शिव्या दिल्या होत्या, त्या हिनंच. ती म्हणाली, "सासूनं आमाला आकडा कदी सांगितलाच न्हाय. किती टाकलं, कायबी ठावं न्हाय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मयत आहे, घरच्यांना आकडा माहिती नाही. हे नाव वगळू."

आकडा सगळ्यात मोठा तिचाच होता, आणि वगळला की तो आईच्याच नावावर राहणार होता. आई गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"वगळू?" आई असली कडाडली की शेजारणी बाहेर आल्या. "पैसं टाकताना ती जित्ती होती की! लिवा!"

साहेबांनी लिहिलं. वारस म्हणून सुनेपुढं कागद धरला, तर ती आईचे पाय धरून रडायलाच लागली. "मावशी, मी तुमाला काय काय बोलले..."

"बोललीस. त्येबी समदं पाठ हाय मला," आई म्हणाली. "रडायचं ते मग रड. आदी सही कर."