गाजरांची उंची

शिट्टीसरांना जमिनीखाली वाढणाऱ्या कुठल्याच गोष्टीचा भरवसा नव्हता. उभी हयात मैदानावर गेलेली. जे धावतं, उडी मारतं, निदान घाम तरी गाळतं, तेवढंच त्यांना कळायचं. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तर असेल. मग एके दिवशी उजव्या गुडघ्याने दगा दिला, खेळाला तरणाताठा नवा मास्तर आला, आणि शिट्टीसरांचं करायचं काय, हा प्रश्न शाळेपुढे येऊन पडला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोन कामं पुढे ठेवली. एक भांडारघराचं, म्हणजे मोडक्या बाकांची आणि फाटक्या नकाशांची राखण. दुसरं शाळेमागच्या रिकाम्या जागेचं. तिथे मुलांकडून भाजी लावून घ्यायची, म्हणजे पाकिटातलं तळकट सोडून पोरं जरा अंगी लागेल असं काही खातील.

"पण पालकसभेच्या दिवशी मुलं आपण पिकवलेलं खाताना मला दिसली पाहिजेत," बाई म्हणाल्या. "नाही दिसली, तर तिथे गाड्या उभ्या करायची सोय करणार आहे. मग तुम्हाला भांडारघर."

भांडारघरात पोरं नव्हती. पोरांशिवाय आपण दिवसभर करणार काय, हे सरांना सुचेना. म्हणून बागेतलं ओ की ठो कळत नसताना ते "बाग" म्हणून मोकळे झाले.

"तुम्ही आणि बाग?" घरी बायको म्हणाली. "तुमच्या हातून निवडुंग मेलंय."

"ते आधीपासून आजारी होतं."

"बरं बाई. गाजराची पुंगी समजा. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खा."

म्हण होती ती, पण सरांनी ती सल्ला म्हणून घेतली आणि गाजरंच पेरली.

पेरली तीही मैदानासारखी. दोरी धरून, चुना टाकून, पाचवीची एक ओळ आणि सहावीची एक ओळ. हिरवे तुरे वर आले तशी पोरं हरखली आणि सर तर पोरांहून जास्त. पण तुऱ्यांवरून काय कळणार? खेळाडूची प्रगती मोजल्याशिवाय समजत नाही, हा सरांचा आयुष्यभराचा धडा. तेव्हा दर आठवड्याला उंच उडीची फीत यायची, शिट्टी वाजायची, आणि प्रत्येक पोर आपलं गाजर उपटायचं, मोजायचं, बादलीत बुचकळायचं आणि पुन्हा त्याच भोकात उभं करून माती दाबायचं. गाजर नखाएवढं वाढलं तरी टाळ्या. नाही वाढलं तर सर त्याच्यापुढे वाकून, "मनावर घे जरा," असं खरोखर म्हणायचे.

साहजिकच गाजरांना नावं पडली. कुणाचा पैलवान, कुणाची मावशी. सहावीत एक वाद घालणारी मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणत. तिच्या गाजराचं नाव होतं अपील.

सभेच्या आदल्या आठवड्यात बायको सहज बाग बघायला आली, आणि नेमकी मोजणीच चालू होती. तिने कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्हाला दर आठवड्याला कुणी झोपेतून ओढून काढून उंची मोजली असती, तर तुम्ही वाढला असता का?"

सरांचा चेहरा पडला. आता काही करण्यासारखंही नव्हतं. त्या आठवड्यात कुणी कशाला हात लावला नाही, एवढंच काय ते झालं.

सभेच्या दिवशी गाजरं निघाली ती एकेक नग. कुणाला दोन पाय, कुणाला तीन. एकाने तर बसकणच मारली होती. पालक पोट धरून हसत होते. पोरांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. इतक्या दिवसांच्या ओळखीचीच तर मंडळी होती. धुऊन, पुसून, ओळीने दोन ताटांत मांडली. मोठ्या बाई समोर खुर्ची टाकून बसल्या.

आणि एकही हात पुढे होईना.

"खा की रे," सर म्हणाले.

"कसं खाणार, सर?" वकील म्हणाली. "मी त्याला ओळखते."

पाचवीतला एक जण तर मावशीला खिशात घालून घरी न्यायच्या बेतात होता. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सरांच्या डोळ्यांपुढे ते भांडारघर, तिथली धूळ आणि ती भयाण शांतता उभी राहिली. घाबरला की हा माणूस एकच गोष्ट करी. त्यांनी शिट्टी फुंकली.

"सामना," ते म्हणाले, आणि पुढचं बोलता बोलता सुचलं. "पाचवीने सहावीची गाजरं खायची, सहावीने पाचवीची. ज्यांचं ताट आधी चाटूनपुसून, ते जिंकले."

वकीलबाईंनी क्षणभर विचार केला. "आमची आम्ही नाही खायची ना? मग चालेल."

पुढे जे झालं त्याला जेवण म्हणणं धाडसाचं आहे. कराकरा, मचामचा, गालांचे फुगे, नाकाला माती. एक बाप शेजारच्याला सांगत होता की याला घरी गाजर दाखवलं तरी हा पलंगाखाली जातो, आणि तेवढ्यात त्याच्या सुपुत्राने तिसरं उचललं. मावशीचा मालक मात्र जागीच उभा राहून तिला खाणाऱ्या मुलीकडे टक लावून पाहत होता.

"कशी लागतेय?" त्याने शेवटी विचारलंच.

"गोड," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली.

"मग? आहेच ती," तो म्हणाला, आणि सुखाने सहावीच्या ताटातलं एक पायदार गाजर ओढून घेतलं.

ताटं बरोबरच रिकामी झाली. त्यावरून जी भांडणं लागली ती ऐकत बाई उठल्या. त्यांच्याही हातात अर्धं गाजर होतं. ते कधी उचललं कुणी पाहिलं नाही.

"गाड्या रस्त्यावरच राहू देत," त्या म्हणाल्या. "आणि पुढल्या वेळी एक ओळ शिक्षकांची ठेवा."

सर मान हलवून वळले, तर सगळी पोरं उकरलेल्या वाफ्यात उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती.

"सर, आता काय लावायचं?"

"मला काय माहीत?" सर आनंदाने म्हणाले. "चला, आमच्या बाईसाहेबांना विचारू."

आणि दुखरा गुडघा ओढत ते पालकांत उभ्या असलेल्या बायकोकडे निघाले, तर त्यांच्याआधी सगळी पोरं तिच्याभोवती जमलीसुद्धा.