चौकशी सिस्टर

तिला सगळे ‘चौकशी सिस्टर’ म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, चिडवणंच जास्त असे. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सत्तावीस वर्षं काढलेली ही बाई बाळाला हात लावण्याआधी आईला दहा प्रश्न विचारायची. “सिस्टर, सोयरीक जुळवताय की काय?” असं डॉक्टर थट्टेनं म्हणत. ती म्हणे, “बाळाला बोलता येत नाही, मग विचारू कुणाला?”

एकदा ती चार दिवस रजेवर होती. तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईला दोन महिने आधीच जुळं झालं, एक मुलगी आणि एक मुलगा. बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली होती. त्यांचा गुणही आला. दोघं जन्मताच खणखणीत रडली. पण दुसऱ्या दिवशी मुलगी मलूल झाली. रक्तदाब उतरला, साखर उतरली. जंतुसंसर्ग समजून औषधं चालू केली, ती लागू पडली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी रजा संपवून सिस्टर कामावर आली, तेव्हा मुलीची काचपेटी पुसून ठेवलेली होती. शेजारच्या पेटीत तिचा भाऊ त्याच वाटेनं निघाला होता.

सिस्टर तडक आईच्या खाटेशी गेली. बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“बाई, ही वेळ नव्हे, कळतंय मला. पण ती इंजेक्शनं किती वेळा घेतलीस?”

“तीनदा.”

“कागदावर तर एकदाच आहे.”

“पोटात दुखायला लागलं की नेत होते. आधी एका दवाखान्यात, मग दुसऱ्या, मग इथं. आधी घेतलीत का, असं कुणी विचारलंच नाही.”

सिस्टर धावत तरुण डॉक्टरांकडे आली. “रागावू नका, पण मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बघा. आईकडून स्टेरॉइड आयतं मिळत राहिलं, की ते स्वतः बनवणाऱ्या बाळाच्या ग्रंथी सुस्तावतात. अंगावर संकट आलं की त्यांना झेपत नाही.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी तपासणीसाठी मुलाचं रक्त काढलं आणि निकालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचा, म्हणजे ती उणीव भरून काढणाऱ्या औषधाचा, बारीकसा डोस दिला. दुपारपर्यंत रक्तदाब सावरला. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: त्या ग्रंथींनी बनवायचं कॉर्टिसॉल रक्तात जवळजवळ नव्हतंच.

संध्याकाळी आईनं विचारलं, “म्हणजे माझी पोरगी त्या इंजेक्शनांनी गेली?”

सिस्टर खाटेच्या कडेवर टेकली. “ती इंजेक्शनं नसती तर कदाचित दोघांचाही श्वास चालला नसता. एकदा घेतलेली बाळाला तारतात. पुन्हा पुन्हा घेतली, तर लक्ष ठेवावं लागतं. तिचं नेमकं काय झालं, ते आता छातीठोकपणे नाही सांगता येणार. तपासायचं राहून गेलं.”

“कुणाकडून?”

“आमच्याकडून.”

या एका शब्दापायी तिला वरिष्ठांनी बोलावून घेतलं. “तोंड आवरायला शिका,” ते म्हणाले. ती निघताना म्हणाली, “साहेब, भरतीच्या कागदावर एक ओळ वाढवा: स्टेरॉइड किती वेळा, कधी, कुठं.” ओळ वाढायला पाच महिने लागले.

मुलाच्या ग्रंथी हळूहळू जाग्या झाल्या. डोस कमी करत करत तीन आठवड्यांनी बंद केला. घरी जायच्या दिवशी आई सिस्टरला टाळूनच आवराआवर करत होती. सासूनं सामान उचललं, तेव्हा मात्र तिनं बाळ सिस्टरच्या हातात दिलं आणि आपण पाठमोरी होऊन बराच वेळ डोळे पुसत राहिली.