चनमल्लप्पा वकील आणि बजाबाईचं घर

सोलापूरच्या कोर्टात चनमल्लप्पांना वकील म्हणून ओळखणारे थोडे, लायब्ररीतले गृहस्थ म्हणून ओळखणारे फार. अशिलांची वाट बघत बाररूममध्ये ताटकळायचा त्यांना संकोच वाटे. म्हणून ते शेजारच्या लायब्ररीत, जुन्या निवाड्यांच्या रिपोर्टांच्या कपाटांपाशी जाऊन बसत. माणूस दुधनीकडचा, मराठीतला कानडी हेल काही जाईना. त्यात इन्फ्लुएंझाच्या साथीत बायको गेलेली. भाड्याच्या खोलीवर जाऊन बोलायचं तरी कुणाशी? इथं निदान कुणी पुस्तक मागायला तरी येई.

एका उन्हाळ्यात बाळे गावची बजाबाई त्यांच्याकडे आली. विधवा बाई. ती राहत असलेलं घर दिरानं परस्पर विकलं होतं आणि घेणाऱ्यानं तिला बाहेर काढायचा दावा लावला होता.

"तुमच्या बुकात माज्यावानी कुनाचं तरी आसंल की," ती म्हणाली.

होतं. डायजेस्टमध्ये, म्हणजे निवाड्यांच्या सूचीत, विषय बघितला, त्यावरून खंड काढला, आणि विधवेचा राहण्याचा हक्क मानणारा जुना निवाडा हाती लागला. चनमल्लप्पांना इतका आनंद झाला, की तो कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. नेमके त्याच दुपारी आबासाहेब वकील खुर्ची ओढून शेजारी बसले. मोठी वकिली, गोड जीभ आणि पुस्तकं उघडायचा मनस्वी कंटाळा.

"वा, चनमल्लप्पा! पण समजा, हा निवाडा कुणी आपल्याच अंगावर टाकला, तर उत्तर काय?"

झालं! असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. गृहस्थ उठले, कपाटं पालथी घातली, खरेदीदाराच्या बाजूचा नंतरचा निवाडा शोधला, पानात खुणेची चिठ्ठी घातली आणि तो खंड स्वतःच्या हातानं आबासाहेबांपुढे ठेवला. आबासाहेबांनी चहा मागवला. संध्याकाळपर्यंत गप्पा झाल्या. त्या रात्री चनमल्लप्पांना छान झोप लागली.

सुनावणीला खरेदीदाराच्या बाजूनं आबासाहेबच उभे राहिले. वकीलपत्र आधीच घेतलेलं, तेवढं सांगायचं मात्र राहिलं होतं. त्यांनी तोच खंड उघडला. चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. बजाबाई हरली.

"बुकात न्हवतं व्हय?" बाहेर तिनं विचारलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. चनमल्लप्पांना शरमेनं मान वर करवेना.

अपील त्यांनी दाखल केलं आणि तो वैरी निवाडा पुन्हा काढला. गप्पांच्या भरात त्यांनी वरचा सारांश तेवढा वाचला होता. आता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. त्यातल्या खरेदीदाराला घरात विधवा राहते हे ठाऊकच नव्हतं, म्हणून तो जिंकला होता. बजाबाईचा खरेदीदार तर समोरच्याच दारचा, रोज तिला अंगण झाडताना बघणारा!

तेवढ्यात आबासाहेबांनी खुर्ची ओढली. "रागावलात होय? अहो, कोर्टातलं कोर्टात. काय सापडलं नवीन?"

सांगावंसं फार वाटलं, अगदी ओठांवर आलं. चनमल्लप्पांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवला.

"काही नाही."

आबासाहेब उठून गेले. पुन्हा कधी ते त्या टेबलाशी बसले नाहीत. असला लबाड माणूस गेला म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

अपिलात घर बजाबाईकडे राहिलं. कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं त्यांच्या पायाला हात लावला, डोळे पुसले आणि हसली.

"आता हितं बसू नगा सायेब. आदी घरला जावा, घरच्यास्नी सांगा. लई खूस हुतील."

"व्हय, सांगतो," चनमल्लप्पा म्हणाले. ती फाटकाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग टोपी नीट केली आणि लायब्ररीत जाऊन बसले.